पद्मल व बाळ

पुराचं पाणी माळ्यापर्यंत पोचलं नव्हतं,
फक्त ओल पोचली.
ओलीला घाई नसते.
भूपालकाकाच्या बिस्किटांच्या डब्यात शिरायला
तिनं दोन वर्षं घेतली.

आता तीनशे चाळीस स्लाइड्स
शुक्रवार पेठेतल्या या टेबलावर,
खाली ट्यूबलाइट, वर दुधी काच,
हातात नवा मऊ ब्रश.
फुंकर मारायची नाही. थुंकी उडते,
आणि बुरशीला तेवढं निमित्त पुरतं.

तीन ढीग केलेत.
ठेवायच्या. बघूया.
तिसऱ्याला मी अजून नाव दिलेलं नाही,
त्यात रंकाळ्याच्या नऊ संध्याकाळी आहेत
एकसारख्या, तांबूस झालेल्या,
कारण निळा आधी निघून जातो
आणि लाल बसून राहतो
लग्न उरकल्यावरही न हलणाऱ्या पाहुण्यासारखा.

आई शेजारी. मोतीबिंदू काढल्यापासून
तिला जरा जास्तच स्पष्ट दिसतं.
"ही स्कूटर आपली न्हवं.
फाउंड्रीच्या मालकाची. फोटोपुरती उभी केल्ती."
रेडिओ?
"वरच्या चौगुल्यांचा. सेलबी न्हवते त्यात."
हा शालू तरी तुझा?
"जाऊबाईचा. लांब हुता, पिन बघ की खाली."
अर्धा तास आम्ही
चिमटीत कडा धरून
एकेक वस्तू ज्याची त्याला परत करत गेलो.

तळाच्या तेवीस एकमेकींना चिकटलेल्या.
उद्यमनगरातल्या बॅटरीवाल्याकडून पाणी आणलं, डिस्टिल्ड,
पुठ्ठ्याच्या चौकटी कापल्या,
फिल्म तेवढी सोडवून दोरीवर, चिमट्यांना.
समोरच्या गॅलरीतून मगदूमवहिनी:
"काय वाळत घातलंय, कुरडया?"
हो म्हणालो.

मग दोनशे अकरा नंबर.
पेन्सिलीनं, काकाचं ते
कास्टिंगवर नंबर पाडावा तसं अक्षर:
पद्मल व बाळ. मार्च ७४.
काकी पायरीवर. मांडीवर लोकरी टोपीतलं मूल,
टोपीच्या गोंड्याला टेकलेली तिची हनुवटी.
हा मी?
आईनं काच स्वतःकडे ओढली.
"तू तापानं फणफणलेलास आत.
कुंभारणीचं पोर ते, कोपऱ्यावरच्या.
पाच मिन्टं म्हणून आणलं.
फिल्म संपंस्तवर सोडलं न्हाई तिनं."

खरंच. दोनशे अकरा ते दोनशे चोवीस,
चौदा स्लाइड्स,
तीच पायरी, तेच मूल, फक्त ऊन सरकत जातं
काकीच्या गुडघ्यावरून जोत्यावर.
शेवटच्या चौकटीत उजव्या कडेनं
एक हात आत आलाय,
मनगटापर्यंत, वाळलेली माती, हिरव्या बांगड्या,
घ्यायला पसरलेला.
काकानं तीही फेकली नाही.
चौदाहींवर तेच लिहिलंय, न कंटाळता.

पुण्याहून बहिणीचा फोन:
स्कॅन करताना नावं नीट दे,
कोण कुणाचं ते लिही,
पुढच्यांना कळायला नको?
हो म्हणालो,
आणि टाइप केलं: पद्मल व बाळ एक,
पद्मल व बाळ दोन.

रात्री भिंतीवर चादर.
स्लाइड डोक्यावर उलटी लावायची असते,
तेव्हा माणसं पायावर उभी राहतात.
दिव्याच्या उष्णतेनं फिल्म क्षणभर फुगते,
चित्र धूसर होऊन हलतं.
"पोरगं हाललं बघ," आई म्हणाली.
मी भिंग फिरवलं. गोंडा पुन्हा स्पष्ट झाला.

बारा. तेरा.
चौदावी हातात घेतली तर म्हणाली,
"ती ऱ्हाऊ दे."

जास्त वेळ ठेवली की दिवा रंग खातो.
मला माहीत आहे, तिलाही मघाशीच सांगितलंय.
पंखा घरघरत होता.
कुणीच बटणाला हात लावला नाही.